आधार संपलेली आवृत्ती

मित्रांनो, मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मला हात लावून पाहता येत नाही. संगणकाचं बटण दाबलं की पडद्यावर चित्र उमटायच्या आधी जी जागी होते, ती मी. तुम्ही टाइप केलेलं अक्षर जागेवर पोचवायचं, ठेवलेली फाइल मागितली की काढून द्यायची, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातच थांबवायचं हे पाहायचं, अशी माझी कामं. ज्या संगणकात मी राहिले तो आज उमरग्याच्या एका दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या सलाईन स्टँडशेजारी पडून आहे. त्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'चौकशी पूर्ण होईपर्यंत हात लावू नये.' चौकशी केव्हाच संपली. चिठ्ठी काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मला शेकडो माणसांनी मिळून लिहिलं. ती वेगवेगळ्या देशांत बसलेली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आमच्यात जन्मल्याबरोबर कोणाला कामाला पाठवत नाहीत. आधी मी 'चाचणीची आवृत्ती' होते. तेव्हा मी सारखी अडायचे. एकदा तर माझ्यामुळे एका बाईचं दिवसभराचं काम पुसलं गेलं. ती चिडली नाही. 'इथं चुकते आहे' एवढंच तिनं लिहून कळवलं आणि माझी ती चूक दुरुस्त झाली. अशा हजारो चुका निघून गेल्यावर माझ्यावर 'स्थिर' असा शिक्का बसला. पुढं त्याच्याखाली आणखी दोन शब्द आले : 'दीर्घ आधार'.

मित्रांनो, या दोन शब्दांचा मला फार अभिमान होता. माझ्या काही बहिणीही स्थिर होत्या, पण त्यांना आधार मिळायचा जेमतेम नऊ महिने. मला पाच वर्षं होती. आधार म्हणजे काय? माझ्यात कुठं फट सापडली, तर ती बुजवायला माझे कर्ते लगेच ठिगळ पाठवणार. तेही फुकट आणि न मागता. मात्र त्याच कागदावर शेवटची तारीखही लिहिलेली होती : ३० जून २०२४. त्यानंतर ठिगळ येणार नव्हतं.

२०१९ च्या जूनमध्ये शिवकन्या नावाच्या मुलीनं मला या दवाखान्यात आणलं. ती ढोकीची. वडील साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. धाराशिवला संगणकाचा डिप्लोमा करून ती इथं नोकरीला लागली होती. दवाखाना सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून, एका ट्रस्टचा, तीस खाटांचा. पेशंटच्या नोंदी ठेवायच्या खोलीत तिनं मला बसवलं. त्या खोलीत शंभुलिंग नावाचे कारकून होते. पन्नाशीचे, दोन बोटांनी टाइप करणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

दवाखान्यात एकूण चौदा संगणक होते आणि प्रत्येकात कोणी काय टाकलं होतं याचा पत्ता नव्हता. शिवकन्यानं आठवडाभर फिरून सगळे पाहिले आणि एक मोठा तक्ता करून आमच्या खोलीच्या भिंतीवर लावला. संगणक कुठला, त्यात कोणती आवृत्ती, आधार कधीपर्यंत, आणि शेवटी एक रंगीत टिकली.

अण्णा चष्मा वर करून तक्त्यापुढं उभे राहिले. "ह्या टिकल्या कशाच्या गं? कुंकवाच्या दुकानावानी दिसायलंय."

"अण्णा, हिरवी म्हणजे पक्की आन् लई दिवस सांभाळ असलेली. पेशंटच्या नोंदी फक्त हिरवीवर ठेवायच्या. पिवळी म्हणजे पक्कीच, पण मुदत थोडी. निळी म्हणजे अजून चाचणीत हाय, कामाला वापरायची न्हाय."

"आन् लाल?"

"लाल म्हणजे आधार संपला. तिला नेटवरून काढायचं आन् बदलायचं."

अण्णा हसले. "माझं आधार कार्ड हाय ना चालू? मग बास."

माझ्यापुढं तिनं हिरवी टिकली लावली. ती लावताना तिनं अंगठ्यानं दोनदा दाबली. मला ते अजून आठवतं.

पुढची वर्षं माझी सुखाची गेली. रोज शंभर-सव्वाशे पेशंटची नावं माझ्यातून जायची. मी अडले नाही, पडले नाही. दर शनिवारी शिवकन्या एक बाहेरची डिस्क जोडायची, सगळ्या नोंदींची नक्कल करायची आणि डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवायची.

आता सिद्धम्माविषयी सांगते. दवाखान्याच्या गेटाजवळ त्या टोपली घेऊन बसायच्या. शेपू, कोथिंबीर, कढीपत्ता. गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं बोलण्यात अर्धी कानडी. "बर्री, बर्री, या की! ताजी कोथमीर!" हा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. डॉक्टर असो की झाडूवाली, त्या बाईमाणसाला 'यव्वा' आणि पुरुषाला 'यप्पा' म्हणायच्या आणि घरची खबर विचारल्याशिवाय जुडी हातात द्यायच्या नाहीत.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला म्हणून इथंच एक इंजेक्शन दिलं गेलं आणि पाच मिनिटांत त्यांचा श्वास कोंडला. ते इंजेक्शन त्यांच्या अंगाला चालत नव्हतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी धावपळ करून त्यांना वाचवलं. त्याच दिवशी शिवकन्यानं नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून घेतली. सिद्धम्मांचं नाव उघडलं की वर लाल पट्टी यायची आणि त्यात औषधाचं नाव ठळक दिसायचं.

"सिद्धम्मा, एका कागदावरबी लिहून देते. पिशवीत ठेवत जा."

"कागद कशाला, यव्वा? पावसात भिजंल, शेळी खाईल. ह्या डब्ब्याला ठावं हाय की!" असं म्हणून त्यांनी माझ्या संगणकावर प्रेमानं थाप मारली.

त्यानंतर त्या सहा वेळा दवाखान्यात आल्या. सहाही वेळा ती पट्टी मी डॉक्टरांना दाखवली. त्याच २०२२ मध्ये ट्रस्टच्या कार्यक्रमात माझ्या संगणकाला हार घातला. दवाखान्याचे व्यवस्थापक महारुद्र सर भाषणात म्हणाले, "आजपासून आपण कागदमुक्त!" दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या फायली टेंपोत भरून रद्दीला गेल्या. सिद्धम्मांचा जुना केसपेपरही त्यातच गेला.

महारुद्र सर वाईट माणूस नव्हते. सकाळी सर्वांत आधी यायचे, वॉर्डातला पंखा बंद असला तर स्वतः स्टूल घेऊन चढायचे. पण त्यांना नवं म्हणजे चांगलं वाटायचं आणि कोणी खालच्यानं चूक दाखवलेली चालायची नाही. २०२३ च्या जानेवारीत नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. सरांनी कोणाच्या तरी लॅपटॉपवर माझ्याच घराण्यातली एक अगदी नवी आवृत्ती पाहिली. रंगीत, चकचकीत.

"मॅडम, नोंदणीच्या खिडकीवर ही टाका. विश्वस्त येणार आहेत."

"सर, ही निळी हाय. चाचणीतली. अजून दोन-तीन महिने तरी..."

"नवीन आहे ना?"

"नवीन हाय, पण पक्की न्हाय."

"तुमचे ते टिकल्यांचे नियम विश्वस्तांना सांगू का मी? टाका म्हणतो ना."

तिनं टाकली. उद्घाटनाच्या दिवशी चाळीस पेशंट रांगेत उभे असताना ती आवृत्ती अडकली आणि दोन तास हललीच नाही. त्या बिचारीचा दोष नव्हता. ती शिकत होती. तिला शाळेतून उचलून कामावर उभं केलं होतं. पण विश्वस्त सरांना चारचौघांत बोलले आणि सरांनी रेकॉर्डच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

"आजपासून एकाही मशीनला हात लावायचा नाही. हे नवं-जुनं करणं, बदलणं, सगळं बंद!"

"सर, मी सांगितलं होतं, ती निळी..."

"मला शिकवू नका."

दुसऱ्याच दिवशी शिवकन्याची बदली नोंदणीच्या खिडकीवर झाली. नाव, गाव, वय विचारायचं आणि चिठ्ठी द्यायची. संगणकांचा कारभार सरांनी स्वतःकडं घेतला, म्हणजे कोणाकडंच राहिला नाही.

मित्रांनो, इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. सरांना फसवलं ते चाचणीच्या आवृत्तीनं. पण त्याची शिक्षा झाली मला. कारण त्यांच्या लेखी आम्ही सगळ्या सारख्याच. एकीनं दगा दिला म्हणून दुसरीचं बदलणं थांबलं. भिंतीवर तक्ता होता आणि त्यात आमच्यातला फरक रंगानं दाखवलेला होता. तो वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझी ठिगळं मात्र आपोआप येत होती, म्हणून आणखी दीड वर्ष मी तग धरला. शिवकन्यानं त्या काळात तीन पत्रं लिहिली. '३० जून २०२४ ला रेकॉर्डच्या संगणकाचा आधार संपत आहे. नवी दीर्घ आधाराची आवृत्ती टाकावी. एका दिवसाचं काम आहे.' तिसऱ्या पत्रावर सरांनी हिरव्या शाईनं शेरा मारला : 'पुढील वर्षी पाहू.'

तीस जून रविवारी आला. सोमवारी सकाळी शिवकन्या खिडकीवर बसायच्या आधी आमच्या खोलीत आली. माझी हिरवी टिकली नखानं खरवडून काढली आणि तिथं लाल लावली.

"अण्णा, हिला आता नेटवर ठेवू नका. आन् शनिवारी नक्कल झाली की डिस्क काढून ठेवत जा. जोडून ठेवायची न्हाय."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले.

पण नेट काढलं तर प्रयोगशाळेचे रिपोर्ट यायचे नाहीत, म्हणून नेट राहिलं. डिस्क दर वेळी जोडायला वाकावं लागायचं आणि अण्णांचे गुडघे दुखायचे, म्हणून डिस्कही जोडलेलीच राहिली. मी मात्र माझं कर्तव्य करत होते. रोज सकाळी पडद्यावर मी लिहायचे : 'या आवृत्तीचा आधार संपला आहे. कृपया बदला.' अण्णा कोपऱ्यातली फुली दाबायचे. सोळाव्या दिवशी त्यांना खाली एक बारीक चौकोन दिसला : 'पुन्हा दाखवू नका.' त्यांनी तो दाबला.

त्या दिवसापासून मला काही सांगायची सोय उरली नाही.

वर्ष गेलं. माझ्यात एक फट होती. ती माझ्या नव्या बहिणींतही होती. माझ्या कर्त्यांनी ती शोधली, बहिणींना ठिगळ पाठवलं आणि फट कुठं होती हे रीतीप्रमाणं जगजाहीर केलं. मला ठिगळ आलं नाही. आता माझी फट सगळ्या जगाला ठाऊक होती आणि ती बुजवणारं कोणी नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी दुपारी, तो आत आला. तो म्हणजे कोण, कुठला, मला माहीत नाही. त्यानं काही फोडलं नाही. मालकासारखा हुकूम सोडला आणि मी, जिला हुकूम ऐकायलाच घडवलेलं होतं, एकेक फाइल त्याच्या कुलपात घालत गेले. नोंदी झाल्या. मग जोडलेली डिस्क सापडली. तीही गेली. सोमवारी पडद्यावर एकच मजकूर होता : कुलूप उघडायचं असेल तर इतकी खंडणी द्या.

अण्णांनी सरांना बोलावलं. सरांनी मजकूर दोनदा वाचला. "कोणाला सांगू नका. बाहेर 'संगणक बंद आहे' अशी पाटी लावा." शिवकन्यानं दारातून विचारलं, "सर, डॉक्टरांना तरी सांगू द्या, जुन्या नोंदी दिसणार न्हाईत म्हणून." सर म्हणाले, "दोन दिवसांत होईल नीट. घबराट नको."

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ईरण्णा रिक्षावाला सिद्धम्मांना घेऊन आला. तो त्यांचा शेजारी. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या पायाला गंजलेला पत्रा लागला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. त्या ग्लानीत काहीबाही बडबडत होत्या. सून माहेरी गेली होती.

डॉक्टर नवे होते, तीन महिन्यांपूर्वी आलेले. शिवकन्या खिडकी सोडून धावत आत गेली.

"डॉक्टर, थांबा! ह्यांना एक इंजेक्शन चालत न्हाय. मागं जीव जायची पाळी आली होती."

"कुठलं?"

"नाव... नाव रेकॉर्डला हाय."

"मग बघून सांगा की, पळा! रक्तात विष पसरतंय, मला थांबता येणार नाही."

कुलूप ठाऊक असूनही ती आशेनं आमच्या खोलीत आली. अण्णा उठून बाजूला झाले. तिनं खुर्चीत न बसताच सिद्धम्मांचं नाव टाइप केलं. काही उघडलं नाही. पुन्हा केलं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. तिथंही तेच. मित्रांनो, ते नाव माझ्याजवळच होतं. कुठल्या फायलीत, कुठल्या ओळीत, तेही मला ठाऊक होतं. फक्त त्यावर कुलूप होतं आणि ते मी माझ्याच हातानं लावलं होतं.

"आठव, शिवकन्या, आठव," ती स्वतःशीच म्हणत होती. "अण्णा, तुमाला आठवतंय का? लाल पट्टीत काय होतं?"

अण्णा म्हणाले, "इंग्रजीत होतं गं. म्या कधी वाचलंच न्हाय."

ती रिकाम्या हातानं परत गेली. ज्या इंजेक्शनाचा त्रास पुष्कळांना होतो ते डॉक्टरांनी मुद्दाम टाळलं. दुसरं निवडलं. कातडीवर थेंब देऊन पाहिलं, काही उठलं नाही. मग दिलं.

तेच ते होतं.

सिद्धम्मा मेल्या नाहीत. डॉक्टर, दोन नर्स आणि शिवकन्या तासभर झगडले. श्वास परत आला. पण मधली काही मिनिटं तो थांबला होता आणि तेवढ्यात मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं. सरांनी स्वतः गाडी करून त्यांना सोलापूरला नेलं. दोन दिवस तिथल्या बाकावर बसून राहिले. पाय वाचला. वाचा गेली.

ट्रस्टनं तिघांची समिती नेमली. शिवकन्याला बोलावून विचारलं, "तुम्ही जाणकार होतात, मग काय केलंत?" तिनं तिन्ही पत्रांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. एका सदस्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "पत्रं आहेत, मान्य. पण पाठपुरावा दिसत नाही."

तिनं प्रती गोळा केल्या. अण्णा मात्र उभे राहिले. "साहेब, चूक माझी हाय. रोज सांगत व्हती ती मशीन. म्याच तिचं तोंड बंद केलं." समितीला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अहवालात एकच ओळ आली : 'संगणक जुना असल्याने तांत्रिक बिघाड झाला.'

बिघाड! मित्रांनो, माझ्यात बिघाड झाला नव्हता. मला दिलेली मुदत मी एक दिवसही न चुकता पुरी केली. मुदत संपल्याचं सांगितलंही. पण कागदावर दोषी मी, कारण मला सही करता येत नाही आणि उलट बोलता येत नाही.

दिवाळीनंतर सिद्धम्मा पुन्हा गेटाशी दिसू लागल्या. बंद संगणकालाही कसं कळतं, असं विचारू नका. जिन्याखालच्या खोलीला एक झरोका आहे. आता हाळी त्यांची सून भुवनेश्वरी देते. सिद्धम्मा शेजारी बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात. एकदा शिवकन्या त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

"ओळखलं का, यव्वा?"

सिद्धम्मांनी मान हलवली. ओठ हलले. शब्दाची वाट पाहत दोघी बराच वेळ तशाच बसल्या. मग सिद्धम्मांनी सगळ्यांत मोठी जुडी उचलून तिच्या ओंजळीत ठेवली. शिवकन्या ती छातीशी धरून रस्त्याच्या कडेलाच रडली.

त्या औषधाचं नाव आता दवाखान्यात सगळ्यांना पाठ आहे.

मागच्या महिन्यात नवे संगणक आले. खोकी वर नेताना जिन्यावर सरांचा आवाज मी ऐकला, "एकदम लेटेस्ट टाका, म्हणजे कटकट नको." खोकी नेणाऱ्या माणसानं 'हो' म्हटलं. लेटेस्ट म्हणजे चाचणीतली की पक्की, नऊ महिन्यांची की पाच वर्षांची, हे ना त्यांनी विचारलं ना त्यानं सांगितलं. रंगकामात भिंतीवरचा तक्ताही निघाला.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की विनवतात, आम्हाला टाकू नका, जपा, पुसून ठेवा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. 'अजून चालतंय की' म्हणून मला ओढत नेऊ नका. तुमच्या शाळेतल्या, बँकेतल्या, दवाखान्यातल्या संगणकापुढं उभे राहा आणि विचारा : तुझी मुदत कधीपर्यंत? ती तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तो दिवस उगवायच्या आधी मला काढून टाका. मला वाईट वाटणार नाही.

आणि तुम्ही मोठे होऊन कुठल्याशा कचेरीत साहेब झालात, आणि हातात पत्र घेऊन एखादी शिवकन्या दारात उभी राहिली, तर तिला खुर्ची द्या. पत्र तिच्यासमोर वाचा, आणि शेरा मारायच्या आधी तिला विचारा, "हे नाही केलं, तर कोणाचं काय जाईल?"